आधी जेवून घे

प्रल्हादकाका सबनीस दारात दिसले की डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉय गावातला मराठी माणूस धसकायचा. त्यात हातात स्टीलचा डबा असेल आणि वार कामाचा असेल, तर संपलंच. मग कुणीतरी गेलेलं असायचं. नाशिकला, अकोल्याला, चिपळूणला, कुठेतरी कुणाची आई, कुणाचे वडील, कुणाचा थोरला भाऊ.

कारण साधं होतं. काका-काकू डेट्रॉइटला आले ते बासष्ट साली. आम्ही बाकीचे सगळे सत्तरनंतरचे. नवा माणूस आला की पहिले काही आठवडे त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहायचा आणि भारतात कळवताना फोन नंबर त्यांचाच द्यायचा. पुढे त्याचं स्वतःचं घर झालं, फोन आला, तरी तिकडच्या नातेवाइकांकडे नंबर राहायचा तो सबनिसांचा. तिकडच्यांना ते सोयीचंही होतं. परक्या देशात एकट्या असलेल्या पोराला फोनवर एकदम कसं सांगायचं? त्यापेक्षा सबनिसांना कळवा, ते नीट सांगतील.

आणि काका नीट सांगायचे. त्यांची पद्धत ठरलेली होती. डब्यात वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड आणि बटाट्याची भाजी. स्वयंपाक अर्थात सुलेखाकाकूंचा. काका आपल्याला ताट घ्यायला लावायचे, समोर बसायचे आणि म्हणायचे, "आधी जेवून घे." बातमी कळली की मग आंघोळ, तिकिटाची धावपळ, भारतातला फोन लागेपर्यंत ताटकळणं, आणि घशाखाली घास उतरत नाही, हे त्यांनी लहानपणी घरात पाहिलेलं. म्हणून माणसाच्या पोटात चार घास गेल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. हात धुऊन झाले की खुर्ची जवळ ओढायची आणि एका वाक्यात सांगायचं. 'जरा सीरियस आहेत' वगैरे आडवळणं नाहीत. "सीमा, तुझे वडील काल सकाळी गेले." आणि मग उठायचं नाही, समोरचा माणूस झोपेपर्यंत बसून राहायचं.

ते वाक्य मी एक्क्याऐंशी साली ऐकलं. मी तेव्हा नवखी होते, डब्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणून मी काकांना चिडवत होते, आणखी भात वाढून घेत होते, आणि माझे बाबा गेलेले होते. मला त्या जेवणाचा फार राग आला. काकांचं चुकलं असं तेव्हा कुणीच म्हणालं नाही, उलट सगळ्यांनी त्यांचं कौतुकच केलं. मी आपली आतल्या आत धुमसत राहिले. आजही ती भाजी मी करत नाही.

डब्याची धास्ती एवढी पसरली की एकदा पाडव्याला काका विनय देशमुखकडे श्रीखंड घेऊन गेले, तर विनयनं दार उघडून डबा पाहिला आणि तिथेच भिंतीला टेकून रडायला लागला. "अरे, श्रीखंड आहे! श्रीखंड!" काका ओरडत होते आणि तो ऐकायलाच तयार नाही. तेव्हापासून काका कुणाकडेही जाण्याआधी फोन करायला लागले. "सहज येतोय. सगळे जिवंत आहेत." आम्ही त्यावर खूप हसायचो. काकाही हसायचे, पण मला वाटतं, त्यांना ते लागायचं.

एरवी हा माणूस अगदी गमत्या. एका मोटार कंपनीत त्यांचं काम होतं गाडीच्या दाराच्या आवाजाचं. दार लावल्यावर तो आवाज भरीव यावा, डबड्याचा येऊ नये, यासाठी दाराच्या कडेला बसवायच्या रबरावर त्यांनी वीस-बावीस वर्षं काढली. पार्टी संपून आम्ही निघालो की काका ड्राइव्हवेत कान देऊन उभे राहायचे आणि प्रत्येकाच्या गाडीला मार्क द्यायचे. शैलेंद्र, म्हणजे माझा नवरा, मुद्दाम आमच्या जुन्या गाडीचं दार धाडकन आपटायचा. काका कानांवर हात ठेवायचे.

काकू याच्या उलट. बोलणं कमी, गाणं जास्त. भोंडल्याची सगळी गाणी त्यांना पाठ, भांडी घासताना, गाडीत, कपड्यांच्या घड्या घालताना कधीही सुरू व्हायच्या. भारतातून फोन आला आणि काकांनी तो ठेवून नुसतं "डाळ लाव" म्हटलं, की कुणाचं काय झालं हे त्या विचारायच्या नाहीत. कुकर लावायच्या आणि शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी हात जोडून उभ्या राहायच्या. ट्रॉयमधल्या कितीतरी दुःखांचं वरण त्यांच्या हातचं होतं.

त्यांना एकच मुलगा, रवी. इथेच जन्मलेला, उंच, गालाला खळी पडणारा. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीतून. ॲन आर्बरला इंजिनिअरिंग करत होता, दर रविवारी कपडे धुवायला आणि आईच्या हातचं खायला घरी यायचा. काकू त्याला पावाला साखरांबा लावून द्यायच्या. एकवीस वर्षांचा घोडा, पण साखरांब्याची बरणी पुढ्यात घेऊन चमच्यानं खायचा.

शहाऐंशी साली काकांच्या कंपनीनं जुन्या लोकांना लवकर रिटायर व्हायची सूट दिली. काकांनी ती घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात एक सेकंडहँड मोटरहोम ड्राइव्हवेत आणून उभी केली. आत दोन शेगड्या, बारकं सिंक, मागे पलंग. आम्ही तिला एस.टी. म्हणायचो. तिच्या दाराला काकांनी सर्वांत कमी मार्क दिले आणि स्वतःच नवीन रबर बसवलं. त्यांना अलास्काला जायचं होतं. नकाशावर एक रस्ता फेअरबँक्सच्याही वर, तेलाच्या पाइपलाइनच्या कडेकडेनं, थेट उत्तरेला जातो. गाव नाही, काही नाही, नुसती खडीची सडक. लोकांना परवानगी असते तिथपर्यंत जायचं, असा त्यांचा हट्ट.

"तिथे आहे काय?" मी विचारलं.

"काही नाही. तेच बघायचंय," काका म्हणाले.

रवीनं बरोबर यावं अशी काकूंची फार इच्छा होती. त्याला उन्हाळ्याची नोकरी लागली होती. "आई, नेक्स्ट समर. प्रॉमिस," तो म्हणाला आणि निघायच्या दिवशी त्या एस.टी.च्या मागे धावत कोपऱ्यापर्यंत गेला, मागच्या पत्र्यावर थापा मारत. आम्ही सगळे हसत उभे होतो.

ऑगस्टमध्ये एका बुधवारी संध्याकाळी रवीबरोबर राहणाऱ्या मुलाचा आमच्याकडे फोन आला. फ्रीवेवर पाऊस होता, पुढचा ट्रक घसरून आडवा झाला आणि रवीची गाडी त्यावर जाऊन आदळली. आम्ही हॉस्पिटलमध्ये पोचलो तोवर सगळं संपलं होतं. शैलेंद्रनं आत जाऊन ओळख पटवली. मी बाहेर बाकावर बसले आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की आता सांगायचं कुणी? असं काही झालं की आम्ही काकांना फोन करायचो. काकांना सांगायला आमच्याकडे कुणीच नव्हतं.

ते नेमके कुठे आहेत हेही माहीत नव्हतं. फेअरबँक्सहून काकूंचा फोन आला होता, आता वर चाललोय, तिकडे फोन नाहीत म्हणून. शैलेंद्रनं अलास्काच्या पोलिसांना गाठलं, मोटरहोमचा नंबर दिला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्या एकाच रस्त्यावर असतील तर सापडतील. पुढचं मला नंतर कळलं, थोडं काकांकडून, थोडं काकूंकडून, आणि त्या दोघांचं एकमेकांशी जुळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी एका नदीच्या काठी उभी होती. ढग इतके खाली आले होते की डोंगरांचे फक्त पाय दिसत होते. काकू पातेलं घेऊन वर उतारावर गेल्या होत्या. तिथे झुडपांना निळी-काळी बोरांएवढी फळं लगडलेली असतात. काकूंनी त्यांना अलास्काची करवंदं असं नाव देऊन टाकलं होतं. काका खाली काच पुसत होते. या रस्त्यावर काच पुसणं हे काम कधी संपतच नाही. तेवढ्यात पोलिसाची गाडी आली.

पोलीस तरुण होता. त्यानं टोपी काढली आणि काकांना खाली बसायला सांगितलं. काका म्हणाले, "आय विल स्टँड." त्यांना लगेच कळलं होतं. असं बोलायला आलेला माणूस कसा उभा राहतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या पोरानं बिचाऱ्यानं बरोबर सांगितलं, एका वाक्यात.

काकांनी त्याचे आभार मानले. विमान मिळेल का, विचारलं. तो म्हणाला, एवढ्या ढगात इथल्या धावपट्टीवर काही उतरणार नाही, आज नाही, उद्याचंही सांगता येत नाही. रस्त्यानं फेअरबँक्स गाठलेलं बरं. मग त्यानं वर उताराकडे पाहिलं. तिथून काकूंचं गाणं ऐकू येत होतं. त्यानं विचारलं, त्यांना सांगताना मी थांबू का?

"नो," काका म्हणाले. "मला हे काम येतं."

पोलीस गेला. काकांनी नदीच्या पाण्यानं तोंड धुतलं. काकू खाली आल्या तेव्हा बोटं, ओठ, पदर सगळं जांभळं. "कोण होतं हो?" "रस्ता पुढे खराब आहे म्हणाला. आपल्या इंजिनचाही आवाज बरोबर नाही. परत फिरू." काकू हिरमुसल्या. झाडं संपतात ती जागा त्यांना बघायची होती. पण गाडीच्या आवाजाबद्दल काकांशी वाद घालायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं. त्या गप्प पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

दुपारी पेट्रोलसाठी एका ट्रकवाल्यांच्या थांब्यावर ते थांबले. तिथे फोन होता. काकांनी मला फोन केला. आवाज अगदी नेहमीचा. कुठल्या हॉस्पिटलमध्ये, कोण कोण होतं, फार वेळ लागला का, सगळं विचारलं. मी रडत होते, तेच मला शांत करत होते. शैलेंद्र फेअरबँक्सहून पुढची तिकिटं काढतोय, असं मी सांगितलं. मग विचारलं, "काकू कशा आहेत?"

"टाकीत पाणी भरून घेतेय."

"काका, तुम्ही त्यांना..."

"जेवण झालं की सांगतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पण जेवण होणार कसं? दुपारी गाडी कडेला घेऊन काका मागे गेले, फडताळातून तांदूळ काढला, डाळ काढली. डाळीचा डबा हातात घेऊन ते उभे राहिले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हे ताट समोर आलं की सुलेखाला कळणार. ट्रॉयमध्ये इतकी वर्षं जिनं ते रांधलं, तिला "आधी जेवून घे" म्हटलं की दुसरं काही सांगायची गरजच उरणार नाही. सगळ्या जगाला ज्या वाटेनं त्यांनी नेलं, ती वाट एकट्या सुलेखासाठी बंद होती. त्यांनी डबा परत ठेवला. "काय शोधताय?" काकूंनी पुढून विचारलं. "काही नाही. चहा टाकतो," काका म्हणाले.

चहानंतर सांगू असं त्यांनी ठरवलं. मग पुढचा चढ उतरल्यावर. मग ती मोठी नदी आणि तिच्यावरचा लाकडी फळ्यांचा पूल ओलांडल्यावर. पुलाच्या थोडं पुढे पावसानं कडा घसरला होता आणि रस्ता बंद होता. सकाळपर्यंत मोकळा होईल, असं तिथल्या कामगारांनी सांगितलं. पुढे-मागे ट्रक उभे, मध्ये यांची एस.टी. चिखलानं सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या झालेल्या. तिकडे ऑगस्टात अंधार लवकर पडत नाही. बसल्या बसल्या करायचं काय, म्हणून काकूंनी फळं निवडायला घेतली.

"साखरांबा करते यांचा. रवीला दाखवू तरी, त्याची आई अलास्कातून काय घेऊन आली."

त्यांनी साखर मोजली, मंद आचेवर पातेलं चढवलं आणि डाव काकांच्या हातात दिला. "ढवळत राहा, लागेल खाली." काका ढवळत राहिले. काकू वेलची सोलत होत्या, गाणी म्हणत होत्या. मध्येच त्यांना रवीचं काहीतरी आठवायचं. तो चार वर्षांचा असताना शेजारच्या मार्थाबाईंकडे जाऊन, आई मला उपाशी ठेवते असं सांगून केक खाऊन आला होता, ते आठवून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काका म्हणाले, "हो, हो. आणि मार्थाबाई भांडायला आल्या होत्या." तेही हसले. हे मला स्वतः काकांनी सांगितलं. "मी हसलो, सीमा," म्हणाले.

पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर पाय मोकळे करायला आला होता. काकूंनी त्याला दारातूनच साखरांबा पावाला लावून दिला. त्यानं बोटं चाटून तारीफ केली. काकू आपल्या तुटक्या इंग्रजीत म्हणाल्या, "माय सन लाइक्स टू मच." त्यानं विचारलं, केवढा आहे मुलगा? "ट्वेंटी वन," काकू म्हणाल्या. "व्हेरी टॉल." हात उंच करून दाखवला. काका त्यांच्या मागे डाव धरून उभे होते.

सकाळी रस्ता मोकळा झाला. दुपारनंतर ते फेअरबँक्सला पोचले आणि काकांनी गाडी सरळ विमानतळावर घेतली. "इथे कशाला?" "चल, सांगतो." आत गेल्यावर, बसायला जागा पाहून, हात हातात घेऊन सांगायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पण आधी तिकिटं हातात येऊ देत, असा विचार करून ते काउंटरपाशी गेले, आणि काकू त्यांच्या मागोमाग गेल्या. तिकिटं फोनवर काढताना शैलेंद्रला कारण सांगावं लागलं होतं, आणि ते तिथे लिहिलेलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं नाव वाचलं, मान वर केली, काकांच्या खांद्यावरून काकूंकडे पाहिलं. मनानं चांगली असणार ती. म्हणाली, "मॅम, आय ॲम सो सॉरी अबाउट युवर सन."

काकू म्हणाल्या, "थँक यू."

सवयच असते ना आपल्याला. कुणी काही म्हटलं की थँक यू. मग त्या काकांकडे वळल्या. काकांनी मान खाली घातली. विमान वर गेलं. मग काकूंनी विचारलं, "कधी?"

"बुधवारी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल सकाळी. तू वर होतीस तेव्हा."



काकू रवीच्या अंत्यविधीला रडल्या नाहीत. इतक्या बायका गळ्यात पडल्या, रडल्या, काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. धक्का बसलाय, रडल्या की मोकळ्या होतील, असं सगळे म्हणत होते. आठवडा गेला, महिना गेला, बर्फ पडायला लागला, त्या रडल्या नाहीत. आणि गाणं थांबलं. त्या घरात भांड्यांचे आवाज यायचे, गाणं नाही. काकांशी त्या कामापुरतं बोलायच्या, 'दूध संपलंय' आणि 'डॉक्टरकडे जायचंय' एवढं.

मोटरहोम फेअरबँक्सलाच राहिली होती. सप्टेंबरात रवीचे दोन मित्र तिकडे विमानानं गेले आणि ती चालवत घेऊन आले. काकूंच्या हातात किल्ली देताना त्यातला एक म्हणाला, सॉरी मिसेस सबनीस, वाटेत आम्ही सगळा जॅम संपवला, खूप छान होता. त्या जॅमचं त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. काकूंनी दोघांना आत बसवून जेवायला वाढलं.

एक दिवस मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले असताना त्या आपण होऊन बोलल्या. "तुला माहितीये सीमा, मी गाणी म्हणत होते. माझं पोर गेलं आणि दीड दिवस मी गाणी म्हणत होते. त्या ट्रकवाल्याला सांगत होते, माझा मुलगा उंच आहे म्हणून. ते सगळं मी कुठे नेऊन ठेवू?" मला माझी बटाट्याची भाजी आठवली, पण ती त्यापुढे काहीच नव्हती.

जानेवारीत अकोल्याहून फोन आला, विनयची आई गेली. काकांनी फोन ठेवला आणि सवयीनं म्हणाले, "डाळ लाव."

"नाही लावणार," काकू म्हणाल्या. त्यांनी कोट चढवला, बूट घातले आणि काकांना गाडी काढायला लावली. विनयनं दार उघडलं. काकूंचे हात रिकामे होते, म्हणून तो बेसावध होता. उंबऱ्यातच त्याचे दोन्ही दंड धरून त्या म्हणाल्या, "विनय, तुझी आई गेली रे." आणि तो कोसळला तेव्हा त्यांनीच त्याला धरलं. काका मागे बर्फात उभे होते. ते आत गेले नाहीत. नंतर विनय मला म्हणाला, काकूंनी बरं केलं यार, निदान मी काही खात नव्हतो.

काका त्या हिवाळ्यात एकदम म्हातारे झाले. लोकांकडे जाणं बंद. 'सहज येतोय' नाही, काही नाही. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. बहुतेक दोन्ही एकाच वेळी.

एप्रिलमध्ये त्यांनी मोटरहोम विकायला काढली. ती रिकामी करायला मी मदतीला गेले. मी फडताळं पुसत होते, काका ड्रायव्हरच्या सीटवर हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी फटकळ आहे, मला ते पोटात ठेवता येत नाही.

"का नाही सांगितलंत हो काकूंना? मला नका सांगू की त्यांना जेवायला मिळावं म्हणून."



"पहिल्यांदा तेच वाटलं होतं," काका म्हणाले. "सांगून रस्ता काही कमी होणार नाही, तेवढा वेळ तरी तिला... असं. पण ते खोटं आहे. मी तिच्यासाठी नाही थांबलो, सीमा. माझा रवी सकाळीच गेला होता. तिचा अजून होता. ती त्याच्यासाठी साखरांबा करत होती, त्याच्या खोड्या सांगत होती. तिच्याजवळ बसलं की तो होता. मला तिथे बसायचं होतं. आणखी थोडा वेळ. तिला सांगितलं असतं तर तिथूनही गेला असता."

मी फडकं हातात धरून उभी राहिले. बाजूच्या दारात काकू उभ्या होत्या. कुकर राहिला होता आत, तो न्यायला आल्या होत्या. कधी आल्या, किती ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. काकांनी त्या नवीन रबर बसवलेल्या दाराचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

काकू चढून आत आल्या, माझ्या अंगावरून पुढे गेल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या. त्यांच्याच जागेवर. समोर काचेतून दिसत होतं ते फक्त गराजचं पांढरं दार.

"मला अजून कुणी सांगितलंच नाहीये," त्या म्हणाल्या. "त्या काउंटरवरच्या पोरीचं मी धरत नाही. तिला काय माहीत तो कोण होता ते."



"विनयला त्याच्या आईचं मी सांगितलं, ते सोडा. जगाला सांगितलंत, आता मला सांगा. मी इथेच बसले होते, इथेच सांगायचं होतंत."

मी दाराकडे निघाले. माझ्यानं तिथे थांबवेना आणि पायऱ्याही उतरवेनात. काकांनी सीट वळवली, त्यांच्याकडे तोंड करून बसले. जगात इतक्यांना त्यांनी ते वाक्य सांगितलं होतं, कधी एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. आता ते तोंड उघडत होते आणि मिटत होते. काकूंनी घाई केली नाही.

"सुलेखा," काका म्हणाले. "आपला रवी गेला."

काकूंनी एकदा मान हलवली, नीट ऐकल्यासारखी. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. त्या पुढे वाकल्या आणि काकांनी त्यांना धरलं, आणि दोघं त्या उभ्या गाडीत, गराजच्या दारासमोर, आठ महिन्यांचं रडले.